पाठीत शिवलेला चेंडू

माझा मुलगा चौदा महिन्यांचा असताना माझ्या मोठ्या जावेने त्याला माझ्या कुशीतून उचलून नेलं. कारण काय, तर मी घोरते.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मी सोनाळ्याच्या घरात लग्न होऊन आले तेव्हा अठराची होते. मान आखूड, जबडा लहान. माहेरी माझं घोरणं कोणी मनावर घेतलं नव्हतं, कारण आमच्या घरात बापही घोरायचा आणि काकाही. पण बाई घोरते हे सासरी नवलाचं झालं. त्याहून वाईट होतं ते दिवसाचं. मला बसल्या जागी झोप लागायची. जात्यावर लागायची, वावरात कापूस वेचताना धुऱ्याच्या बांधावर टेकले की लागायची. चुलीपुढे लागायची आणि भाकर करपायची. रोज सकाळी डोकं ठणकायचं. घरात सासू नव्हती, तिच्या जागी जाऊच होती. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी, अंगाने भरलेली, तोंडाची तिखट. तिला दोन मुली होत्या, मुलगा नव्हता.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गल्लीतल्या बाया जमल्या होत्या. मी तिळगुळाचं ताट घेऊन उभी होते. जाऊ म्हणाली, "थांबा वं, आमची लहानी कशी निजते ते दाखवतो तुमाले." आणि ती भर ओसरीत उताणी पडली. घोरण्याचे सगळे आवाज काढले. मग श्वास रोखून, डोळे वटारून पडून राहिली आणि एकदम रेडीसारखी फुसकारून उठली. बाया हसून हसून वाकल्या. मीही हसले. ताट हातात होतं, दुसरं काय करणार? त्या हसण्याबद्दल मला तिच्यापेक्षा माझाच राग जास्त आला, पण तो पुष्कळ नंतर.

त्यानंतर दोन महिन्यांनी, भर दुपारी, मुलाला पाजता पाजता माझा डोळा लागला. तो रडला म्हणून जाऊ आत आली. त्याचं तोंड माझ्या दंडाखाली आलं होतं. तिने त्याला ओढून घेतलं आणि अंगणात उभं राहून साऱ्यांना ऐकू जाईल असं ओरडली, "एखांद्या दिवशी ही लेकरू दाबून मारीन! आजपासून हे माह्याजवळ निजन."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो बैलाच्या गळ्यातली घंटा बांधत होता. "वहिनीचं काय खोटं हाये?" एवढंच म्हणाला आणि दुसरी घंटा बांधायला घेतली.

मूल गेलं. दिवसा पाजायला माझ्याकडे, बाकी सगळं तिच्याकडे. वर्षभरात दूध तुटलं, मग दिवसाचंही संपलं.

पुढच्या हिवाळ्यात चुलीपुढे डुलकी लागून माझा हात तव्यावर टेकला. तालुक्याच्या दवाखान्यात मलमपट्टीला गेले. बाकड्यावर बसले होते, भिंतीला डोकं टेकलं आणि गेले झोपी. डोळे उघडले तर डॉक्टर समोर उभे, हातात घड्याळ. पुण्याकडचे, नवीन नेमणूक झालेले, तरुण. मी पदर सावरला.

"बाई, हाताचं नंतर बघू," ते म्हणाले. "झोपेत तुमचा श्वास बंद पडतो, माहीत आहे का?"

"मी घोरतो," मी म्हटलं.

"घोरणं वेगळं. तुमचा श्वास थांबत होता. मी मोजत होतो. वीस आकडे झाले तरी सुरू होईना. मग दचकून सुरू झाला." त्यांनी मला समजावून सांगितलं. उताणं झोपलं की जीभ मागे पडते, घशाची वाट बंद होते. मग शरीर दचकून जागं होतं, रात्रभर असंच चालतं, म्हणून दिवसा झोप येते. "हा आळस नाही," ते म्हणाले. हे वाक्य मी घरापर्यंत तोंडात धरून नेलं, खडीसाखरेसारखं.

औषध नव्हतं. उपाय सांगितला तो असा की, उताणं झोपायचंच नाही. झोपेत माणूस वळतो, म्हणून चोळीच्या पाठीला आतून खिसा शिवायचा आणि त्यात काहीतरी टणक घालायचं. डोक्याकडची बाजू उंच करायची.

मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढच्या हळदीकुंकवाला त्याचीही नक्कल झाली असती.

पहिल्यांदा सुपाऱ्या घातल्या, त्या बाजूला सरकल्या. मग लाकडी भोवरा आर काढून घातला, त्याने मणक्याशी काळा डाग पडला. शेवटी बाजारातून रबरी चेंडू आणला. डोक्याखाली सरकी भरलेलं अर्धं पोतं घेतलं. वळले की चेंडू रुतायचा, जाग यायची. कुशीवर पडून पडून कान दुखायचे, हात बधिर व्हायचा. कितीदा तरी शिवण उसवून चेंडू कोपऱ्यात फेकला आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्याने परत शिवला. आता म्हातारपणी माझ्या नाकावर मशीनचा मास्क असतो. नळीतून वारा येतो, तोंड कोरडं पडतं, पट्ट्यांचे वळ गालावर उठतात. मुलगा म्हणतो, "आई, हळूहळू सवय होईल." त्याला काय सांगू? मशीनची सवय मला दहा दिवसांत झाली. चेंडूची व्हायला पाच आठवडे लागले होते.

पाच आठवड्यांनी एका सकाळी उठले तर डोकं दुखत नव्हतं. मी अंथरुणातच बसून राहिले, दुखायची वाट पाहत. दुखलंच नाही. अंगण झाडलं, पाणी भरलं, भाकरी केल्या, एकही करपली नाही.

आणि मग मला राग आला. आधी राग यायलाही अंगात जोर नव्हता. आता दिवसभर जागी होते, आणि दिवसभर राग होता.

मी मूल मागितलं. जाऊ म्हणाली, "राहू दे वं, त्याले माही सवय झाली." मुलगा तिच्या मागे उभा होता. तो तिला माय म्हणायचा, मला काकू.

वैशाखात कुरड्या करायला गल्लीतल्या बाया आमच्याकडे येणार होत्या, ऊन कलल्यावर. जाऊ रोज जेवून आतल्या खोलीत आडवी व्हायची. तीही घोरायची. हे मला आता कळत होतं, कारण आता मी जागी असायचे. मी बायांना सांगून आले, "लवकर या, जेवन झालं का लगेच या." त्या आल्या. मी ओठांवर बोट ठेवलं आणि आतलं दार जरासं ढकललं.

घोरणं सुरू होतं. बाया एकमेकींना कोपरं मारू लागल्या. मग आवाज थांबला. बाया अजून हसत होत्या. मी हसत नव्हते, मी मोजत होते. सतरा, अठरा, एकोणीस. मग ती फुसकारून, दचकून उठली आणि ओसरीवर हशा फुटला. एक जण म्हणाली, "बाई, तुमीच लहानीले शिकवलं का हे?"

जाऊ दारात आली. अंबाडा सुटलेला, चेहऱ्यावर चटईचे वळ. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "बाई, माहं पोरगं तुमच्याजवळ निजते. दाबून माराल एखांद्या दिवशी."

त्या संध्याकाळी मुलाची गोधडी मी माझ्या खोलीत आणली. नवरा गोठ्याकडे निघून गेला. बैलाच्या घंटा असताना त्याला कशाचीच अडचण नसे. मुलगा तीन रात्री "माय, माय" करून रडला. भिंतीपलीकडे ती ऐकत होती, हे मला माहीत होतं. मी त्याला गप्प करायची घाई केली नाही.

इथवर जे केलं त्याचं मला काही वाटत नाही. वाटायचं असेल तर पुढच्याचं वाटावं. तिला माझाच आजार होता, हे मी एकोणीस मोजतानाच ओळखलं होतं. उपायही मला माहीत होता. चेंडूची चोळी मी पेटीच्या तळाशी ठेवत होते आणि धुतली की ओल्या लुगड्याखाली लपवून वाळवत होते. ती दिवसेंदिवस सुस्त होत गेली. निवडताना सुपातच मान टाकायची. कपाळाला चुना लावायची. मी पाहत होते. दीड वर्ष पाहत होते.

मग वावरातून येताना ती बैलगाडीत बसल्या बसल्या झोपली आणि खाली पडली. हात मोडला. तिला भरवायचं काम माझ्याकडे आलं. एक दिवस वरणभाताचा घास घेता घेता ती म्हणाली, "मले काय होऊन राह्यलं वं? दिवसभर मेल्यासारखी झोप येते. रोज सकाळी डोकं फुटते."

मी घास खाली ठेवला आणि सांगितलं. जीभ, घसा, श्वास, चेंडू, सगळं. पेटीतून चोळी आणून दाखवली.

तिने बऱ्या हाताने खिसा चाचपला. "तुले कवापासून मालूम हाये?"

"माहं तं दोन वर्सं झाले. तुमचं, कुरड्या केल्या त्या दिवसापासून."

"अन् सांगतलं नाईस."

"नाई."

मला वाटलं ताट भिरकावते आता. ती म्हणाली, "मी असती तं मीबी नसतं सांगतलं. दे घास."

आठ दिवसांनी मी तिच्या मापाचा खिसा शिवून दिला. तिला तो मानवला. पुढे चुली वेगळ्या झाल्या, तरी एका अंगणात पस्तीस वर्षं काढली. भांडलो, एकमेकींची बाळंतपणं-दुखणी केली, परत भांडलो. माझा मुलगा कमावता झाला तेव्हा पहिल्या पगाराचं लुगडं दोघींना सारख्याच किमतीचं आणलं. तिच्या लुगड्याचा रंग जास्त चांगला होता.

ती गेली तेव्हा मी रडले, खोटं नाही सांगत. पण नदीवरून मंडळी परतली आणि मुलगा अंगणात आला तेव्हा त्याचं डोकं तासलेलं होतं. माय मेल्यावर करतात तसं मुंडण.

"कोनी सांगतलं होतं तुले?" मी विचारलं.

"तिनंच," तो म्हणाला. "दवाखान्यात. म्हने, एवढं कर."

मी आत गेले आणि आंघोळीचं पाणी तापत ठेवलं. महिनाभर त्याच्या डोक्यावर केस उगवताना मला पाहावं लागलं. तेवढा डाव तिचा वर राहिला, आणि मी त्याची परतफेड करावी, तर ती उरलीच नव्हती.