उलायुकची तार

उलायुक अजूनही नवऱ्याचं नाव भांडणाच्या सुरातच घेते. जेपीटी गेला त्याला एक हिवाळा होऊन गेला, पण बर्फावर पळणाऱ्या स्नोमोबाइल गाडीच्या तारांवरून पेटलेलं दोघांचं भांडण काही मिटलेलं नव्हतं.

गाडी जुनी, दोरी ओढून सुरू व्हायची, बॅटरीचा पत्ता नाही. उलायुकला तिच्यावर वाट दाखवणारा हातातला जीपीएस चालवायचा होता, कारण उत्तर ध्रुवाकडच्या थंडीत त्याचे सेल चहा संपेपर्यंत मान टाकत. पहिला जीपीएस तिनं थेट हेडलाइटच्या तारांना जोडला. त्यातला करंट सारखा उलटसुलट धावणारा; जीपीएसमधून धूर निघाला आणि खेळ खलास. जेपीटी गावभर सांगत सुटला, "आमच्या हिनं यंत्र भाजून खाल्लं." त्याला वाऱ्यानं घडवलेल्या बर्फाच्या कडा बघून वाट कळायची, त्याचं काय अडत होतं? हीही हट्टाला पेटली. मोडक्या रेडिओतले डायोड आणि कपॅसिटर मध्ये बसवून तिनं करंटला एका दिशेची शिस्त लावली. दुसरा जीपीएस उजळला, पण तोवर जेपीटी गेला होता. बघायला थांबला नाही, याचाच तिला राग.

एप्रिलमध्ये ती भाचीला, कानायुकला, घेऊन गोठलेल्या तळ्यावर मासे पकडायला गेली. कानायुक पोटुशी, अजून महिना बाकी. बाळाचं नाव मात्र ठरलेलं: जेपीटी. मुलगी झाली तरी जेपीटीच; गेलेल्याचं नाव बाळाला दिलं की तोच माणूस परत येतो, असं त्यांच्यात मानतात. दुसऱ्या सकाळी तंबूत तिनं चहाचा कप खाली ठेवला.

"आत्या, कळा येताहेत."

"आत्ता?"

"मग काय तुझे मासे पकडून झाल्यावर?"

बाहेर जमीन आणि आभाळ एकच पांढरं झालेलं. रात्रीच्या भुसभुशीत बर्फाखाली वाटेच्या सगळ्या कडा बुजल्या होत्या. जेपीटीसुद्धा इथं चुकला असता. उलायुकला भीती वाटली, आणि भीतीइतकाच हुरूपही आला. तिनं मागच्या लाकडी घसरगाडीत कॅरिबू हरणाची कातडी अंथरून पोरीला झोपवलं आणि जीपीएसवरच्या बाणामागं गाडी सोडली.

"हळू हाक गं, नाहीतर इथंच होईल," कानायुक ओरडली.

वेग कमी केला तसा इंजिनाचा जोर उतरला, करंट कमी पडला आणि जीपीएसचा पडदा विझला. वेग वाढवावा तर पोरीचे हाल, कमी करावा तर वाट गुल. थांबून उलायुकनं तारांकडे पाहिलं. हँडल गरम ठेवणारी तार याच करंटवर जगत होती, हेडलाइटही. दोन्ही तिनं उपटून काढल्या. गाडी हळू निघाली आणि पडदा जागा राहिला.

हँडल बर्फासारखं गार पडलं. बोटं दुखली, मग दुखेनाशी झाली. उलायुक मात्र मोठमोठ्यानं गात होती. धुक्यातून गावाच्या तेलाच्या टाक्या दिसल्या तेव्हा तिला रडू आलं.

दवाखान्यात नर्सनं बाळ तिच्या पट्ट्या बांधलेल्या हातांत दिलं. मुलगी होती. उलायुक तिच्या कानाशी वाकली.

"अहो, बघितलंत? माझ्याच तारेनं आणलं तुम्हाला घरी. आता हसा की."

बाळानं भोकाड पसरलं.

"आत्या, आधी दूध तरी पिऊ दे त्यांना," कानायुक म्हणाली. "भांडायला सगळा जन्म पडलाय."