खोलीमामांचा हप्ता

खोलीमामा अंबाबाईच्या देवळात गेले तरी त्यांची नजर आधी ओवऱ्यांवर जायची. हात जोडलेले, तोंडाने पुटपुटणं चाललेलं, आणि बाहेर पडता पडता मला म्हणायचे, "बाई, त्या ओवऱ्यांत मधनं भिंती घातल्या तर चौदा खोल्या निघतील की." शिवाजी पेठेत कुणी नवं घर बांधलं, की वास्तुशांतीचं जेवून हात धुता धुता मामा त्या घराचं महिन्याचं भाडं सांगून मोकळे होत. पेठेने त्यांचं खरं नाव केव्हाच टाकून दिलं होतं.

त्यांच्या माडीवर आम्ही पाच बिऱ्हाडं होतो. मी शाळेत शिकवायची आणि आमचे हे एका वकिलाकडे कारकून होते. मामांनी गुळाच्या अडतीत तीस वर्षं दिवाणजी म्हणून काढलेली. पेन्शन नाही, मूलबाळ नाही. म्हणून राहतं घर बँकेकडे तारण ठेवून त्यांनी कर्ज काढलं आणि वर पाच खोल्या चढवल्या. "पोरगं इचारंल न इचारंल, खोली म्हैन्याच्या म्हैन्याला इचारती," असं ते मामींना सांगत. खोलीला बावीस रुपये भाडं, पाचांचे एकशे दहा. त्यातले नव्वद बँकेचे. दहा वर्षं दम काढला की सगळे एकशे दहा नवराबायकोच्या म्हातारपणाला, असा बेत होता.

जन्मभर दुसऱ्यांच्या पै-पैचा हिशेब लिहिलेल्या या माणसाने स्वतःच्या हिशेबात मात्र पाची भाडी बाराही महिने धरली. घरफाळा धरला नाही, दर उन्हाळ्यात कौलं चाळायची मजुरी धरली नाही. आणि स्वतःचा स्वभाव तर मुळीच धरला नाही.

भाडं मागायला म्हणून ते जिना चढत, आणि दारात उभं राहून विचारत, "बाई, नळाला पाणी येतंय न्हवं?" येतंय म्हटलं की खाली उतरत. त्यात पुन्हा त्यांचा एक नेम होता. ज्या घरात लग्न, बारसं किंवा सुतक, त्या घरातून त्या महिन्याचं भाडं आणायचं नाही. "असल्या घरातनं पैसं उचलू ने. पुढं बघू की," म्हणायचे. हे 'पुढं' कधी येत नसे, कारण मामा मागत नसत आणि आम्ही देत नव्हतो. नेम कळल्यावर माडीवर सुतकं वाढली. आम्हीही एकदा गगनबावड्याच्या चुलत्याचं सुतक धरलं. तो चुलता दोन वर्षांपूर्वीच गेला होता. मामा दारात आले, ह्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि खाली गेले. मी आत भांडी घासत होते. तेव्हा बाहेर येऊन खरं सांगितलं नाही, याची मला आजही चीड येते.

एके वर्षी ते आले आणि नळाचं विचारून झाल्यावरही उभेच राहिले. "पाच-पाच रुपयं वाढवून द्या. दोन हप्तं थकल्यात, बँकेची नोटीस आलीया. घर जाईल, बाई." त्या रविवारी पाची बिऱ्हाडं आमच्या खोलीत बसली. ह्यांनी कायदा समजावून सांगितला, मी सगळ्यांना चहा दिला. वाढ द्यायची नाही, उलट कोर्टातून भाडं ठरवून घ्यायचं आणि तोवर ते कोर्टातच भरायचं, असं ठरलं. मामांच्या वकिलाने त्यांना सांगितलं, ते पैसे उचलू नका, उचललेत तर आहे तेच भाडं कबूल केल्यासारखं होईल. मामा वकिलाचं ऐकणारे. दोन वर्षं त्यांचेच पैसे कोर्टात पडून राहिले आणि इकडे बँकेचं व्याज चढत गेलं. आम्ही भाडं कधी बुडवलं नाही, असं आमचे हे अजूनही चारचौघांत सांगतात.

जप्ती येण्याआधी मामांनी घर विकलं. आत पाच भाडेकरू, म्हणून निम्मीच किंमत आली. ती सगळी बँकेने घेतली. नव्या मालकाने मामा-मामींना खालची मागची एक खोली राहायला दिली, महिना ऐंशी रुपये भाड्याने. ते भाडं भागवायला मामा सत्तरीत पुन्हा अडतीत जायला लागले, आणि एक तारखेला सकाळी पैसे पोचवून मगच कामावर जात.

एकदा जिन्याखाली गाठ पडली तेव्हा हे म्हणाले, "मामा, तुम्हीपण अर्ज करा. ऐंशी फार होतात, कोर्ट कमी करून देईल. मी लिहून देतो, पैसे नकोत."

मामा पायात चपला घालत होते. "नको, वसंतराव. त्यानंबी कर्ज काढूनच घर घेतलं असंल की. त्याला हप्ता असंल."

दीड वर्षाने मामा त्याच खोलीत वारले. त्या महिन्याचं भाडं त्यांनी भरलेलं होतं. आम्ही अजून बावीसच भरतो.