खोली सोडताना

आमच्या बाळकुमच्या घरात आतल्या खोलीत वायफाय पोचवणारा नोड सारखा बंद पडायचा. कंपनीला फोनवर झापण्यात मी पटाईत झालेलो. शेवटी तपासायला एक गृहस्थ आले. बोलण्याआधी चष्मा पुसायची त्यांना सवय. त्यांनी नोडची जागा बदलून पाहिली, पण तो ठणठणीत.

"काही नाहीये हो याला," म्हणत ते चहाला उठले आणि खोलीतून निघताना भिंतीवरची सगळी बटणं खटाखट बंद केली. नोडचंसुद्धा.

त्यांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. मीही रोज हेच करायचो.

"वडिलांची शिस्त हो," ते चष्मा पुसत म्हणाले. "खोली सोडली की बटण बंद."

ते गेल्यावर मी त्या बटणावर चिकटपट्टी लावली. मग समाधानाने हॉलमध्ये जाऊन बसलो आणि उठून जाता जाता तिथल्या राउटरचं बटण बंद केलं.