मामांच्या पँटवरचा नेचा

आमच्या मामांच्या बसायच्या जागेवर उमटलेलं एक रानझाड मुलुंडच्या तीन जाणकारांनी भिंग लावून ओळखलेलं आहे. ते झाड तिथे नेऊन ठेवणारा मी.

ऐंशीनंतरची पहिली-दुसरी वर्षं असतील. सातवीतून शाळा सोडून मी कणकवलीकडच्या गावातून मुलुंडला मामांच्या एका खोलीत येऊन पडलो होतो. पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात झाकणं घासायचो. मामा-मामींनी ताटात कधी कमी वाढलं नाही; तरी मी प्रत्येक घास परवानगी मागितल्यासारखा गिळायचो. रविवार मात्र गिळता येत नसे. बोलणार कोणाशी? म्हणून मी डोंगराच्या दिशेने चालत सुटायचो.

तिथे पाध्ये सर भेटले. निवृत्त ड्रॉइंग मास्तर. सोबत बँकेतल्या एक बाई आणि लेथवर काम करणारा एक टर्नर. तिघंही ओढ्याकाठी गुडघे टेकून जमिनीला नाक लावून बसले होते. मला वाटलं, काहीतरी हरवलंय. मीही शोधायला बसलो. अर्ध्या तासाने भीतभीत विचारलं, की काय हरवलंय? हरवलं काहीच नव्हतं, ते रानझाडं न्याहाळत होते; तिघं एवढे हसले की तेव्हापासून मी त्यांच्यातलाच झालो. सर मला 'अहो' म्हणायचे. मुंबईत मला अहो म्हणणारा हा पहिला माणूस. (दुसरा अजून भेटायचा आहे.)

एका रविवारी सर आले नव्हते, आणि नेमका तेव्हाच कातळाच्या फटीत मला एक नेचा दिसला. फर्नला सर नेचा म्हणत. वरून हिरवागार, आणि उलटा केला तर चुना फासल्यासारखा पांढराफटक, बोटाला भुकटी लागेल असा! बाई म्हणाल्या, नीट वाळवून ठेवा, पुढच्या रविवारी सर नाव सांगतील. वाळवायची रीत अशी, की झाड वर्तमानपत्रात ठेवायचं, वर वजन द्यायचं आणि कागद रोज बदलायचे.

वजन म्हणून घरात मामा होते. मी नेचा त्यांच्या गादीखाली सरकवला.

शनिवारी बदलायला कागद उरले नाहीत. ओले कागद स्टोव्हजवळ सुकत टाकले आणि तेवढ्यापुरता नेचा गादीखाली हाताला लागलेल्या कापडावर ठेवून दिला. आणि विसरलो. ते कापड म्हणजे मामांची एकुलती एक चांगली काळी पँट. पँट गादीखाली घालून तिच्यावर रात्रभर झोपलं की सकाळी इस्त्री झालेली असते, हा शोध आमच्या वाडीपर्यंत पोचला नव्हता. वाडीत पँट घालून येणारा एकटा पोस्टमन, आणि तो कशावर झोपतो हे विचारण्याइतकी आमची ओळख नव्हती.

दुसऱ्या दिवशी माझ्या मामेबहिणीला, मंगलला, पाहायला घाटकोपरची माणसं येणार होती. आधी दोन स्थळं हुकलेली. मामांनी सकाळीच मला बजावलं, की आज तुझ्या पाल्यापाचोळ्यापायी काही घोळ झाला तर सरळ गावी पाठवीन. त्यामुळे डोंगर रद्द करून मी भिंतीला चिकटून बसलो, कमीत कमी जागा व्यापत.

पाहुणे आले. मामा पाणी आणायला वळले, आणि मला माझा नेचा दिसला. अख्खा! काळ्या पँटवर, बरोबर मध्यभागी, एकेक पातं मोजून घ्यावं असा पांढराशुभ्र. (इतकी सुरेख छाप मला पुन्हा कधीच जमली नाही.)

मी उठून मामांच्या मागे उभा राहिलो. मामा डावीकडे, मी डावीकडे. मामा मोरीपाशी, मी मोरीपाशी.

"मेल्या, माझ्या पाठसून कित्याक फिरतंस?" मामा दात आवळून म्हणाले.

"बसा ना मामा."

मामा कसले बसतात! पाहुण्यांदेखत यजमान बसून राहिला तर शोभेल का? शेवटी मुलाच्या वडिलांनी हळूच मामीला विचारलं, की हा मुलगा बरा असतो ना? मामी म्हणाली, जरा मायाळू आहे.

इतक्यात दारात पाध्ये सर, बाई आणि टर्नर. मी डोंगरावर आलो नाही म्हणून काळजीने विचारत विचारत आले होते. मुंबईत माझं घर शोधत कोणी येण्याची ही पहिलीच वेळ. मला इतकं भरून आलं की मी सरांच्या पाया पडायला धावलो, आणि मामांची पाठ उघडी पडली.

"हलू नका," सर मामांना म्हणाले.

मास्तरांनी हलू नका म्हटलं की मामा हलत नसत, शाळेतली सवय. सरांनी गुडघे टेकून भिंग काढलं. बाई वाकल्या. टर्नर म्हणाला, उजेड येऊ द्या, जरा खिडकीकडे फिरा. मामा फिरले. मुलाचे वडील कुतूहलाने उठले आणि त्यांनीही भिंग मागून घेतलं.

"रुपेरी नेचा," सर म्हणाले. "उत्तम छाप. साहेब, ही पँट एवढ्यात धुऊ नका."

मामांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी मनातल्या मनात ट्रंक भरली.

मग मुलाचे वडील सावकाश म्हणाले, "ज्या घरात चार परकी माणसं बापाला मागून भिंग लावतात आणि बाप हूं की चूं करत नाही, त्या घरातली मुलगी कुठेही नांदेल."

स्थळ जुळलं. साखर वाटली. सर दोनदा साखर घेऊन गेले.

पाहुणे गेल्यावर मामांनी पँट बदलली, उलटी धरून बराच वेळ पाहिली, आणि मला म्हणाले, "हंयच रव." म्हणजे इथेच राहा.

मला पुष्कळ बोलायचं होतं. मामा, तुमचे उपकार, वगैरे. पण मी रडायलाच लागलो.

"बघा," मामी म्हणाली, "पोराक घरची आठवण इली."

ती तर रोजच यायची. घरी जावंसं मला रोजच वाटायचं. फक्त पाठवलं जायचं नव्हतं. पण हा फरक हुंदक्यात सांगता येत नाही. मामा विरघळले. त्यांनी स्वतः रांगेत उभं राहून एसटीचं तिकीट काढलं, खिडकीची जागा मिळवली, कारखान्यात जाऊन माझी महिन्याची रजा सांगितली, आणि हात हलवून निरोप दिला.

'मामा, मला इथेच राहायचंय,' एवढं साधं वाक्य मला अखेर जुळवता आलं, पण तोवर पनवेल मागे पडलं होतं.