बूथवरून पसंती कळवली, त्याची गोष्ट

काय सांगू तुम्हाला, लग्न ठरायच्या आधीच सासरच्या गावात ज्याची शोभा झाली, असा जावई मीच असेन.

गावोगाव नुकते एसटीडी बूथ निघाले होते तेव्हाची गोष्ट. मी कन्हेरीचा. चुलत्यांना, म्हणजे तात्यांना घेऊन कळंबला मुलगी बघायला गेलो. निघताना आईनं बजावलं होतं, "पसंत पडली तरी तितं कायबी बोलू नगंस. आधी मला फोन कर." फोन शेजारच्या आबांकडं. आई सकाळपासून तिथंच बसलेली.

मुलगी, सुमन, बघताक्षणी आवडली. पण तिचे वडील, मारुतीराव! माणूस सरळ, आवाज मात्र असा की "पोहे घ्या" म्हणाले तरी मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं.

चहा झाल्यावर एसटीची वेळ बघून येतो म्हणालो आणि चौकातला बूथ गाठला. आता बूथ कुठं असावा? पिठाच्या गिरणीला खेटून. गिरणी धडधडतेय, बूथचं दार लागत नाही.

"कशी हाय पोरगी?" आईनं विचारलं.

"चांगली हाय."

"पांगळी हाय? मग तात्यानं दावली कशाला?"

"पांगळी न्हाय गं, चांगली, चांगली!"

"आन् बाप?"

"लई मोठ्यानं बोलतो."

"लई मोठा हाय? किती एकर?"

आता माणसानं करावं तरी काय? मी छाती भरून घेतली, डोळे मिटले आणि ओरडलो, "पोरगी आवडली, पण बाप नुसता बोंबलतो!"

नेमकी तेव्हाच लाईट गेली. गिरणी गप्प. चौकात एकटा माझा आवाज. डबे घेऊन उभ्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या. आणि गिरणीच्या दारात मारुतीराव, चहा झाल्यावर गिरणीवर नजर टाकायला आलेले. गिरणी त्यांचीच. तात्यांनी मला फक्त ऊस किती ते सांगितलं होतं.

"आता झ्याक ऐकू आलं," आई म्हणाली. "फुडं बोल."

"फोन ठेव," मी पुटपुटलो.

"काय? मोठ्यानं बोल की."

मारुतीराव जवळ आले. अगदी हळू म्हणाले, "आमचं गिरणीमुळं झालंय. दिसभर वरडूनच बोलावं लागतं. तुमचं कशामुळं?"

परतीच्या एसटीत तात्या माझ्याशेजारी बसलेसुद्धा नाहीत.

स्थळ गेलं, असंच धरून चाललो होतो. तर आठवड्यानं निरोप आला, 'मुलीला मुलगा पसंत आहे. फक्त त्याला कमी ऐकू येतं का, ते डॉक्टरांना दाखवून घ्या.'

फोनवर ऐकू आईला येत नव्हतं, आणि तपासणी माझी! तरी बारामतीला जाऊन दाखवून आलो. कान ठणठणीत निघाले. मोठ्या ऐटीत आबांकडून मारुतीरावांना फोन लावला. "मामा, कानात कायबी दोष न्हाय."



"मंग सभावच हाय म्हनायचा," ते म्हणाले. "असू द्या. आता दिली म्हनल्यावर काय करनार."