वरच्या घरातली पावलं
माळा आवरताना स्टेप एरोबिक्सची जुनी व्हिडिओ कॅसेट हाती लागली आणि उल्हासनगरचं घर आठवलं. बाळ पोटातच गेलं, त्यानंतर दोन महिने मी पलंग सोडला नव्हता. एका दुपारी नणंदेने दिलेली ही कॅसेट लावून लाकडी पाटावर चढउतार करू लागले. कॅसेट सरावलेल्यांसाठी होती. वळताना पाय चुकला आणि मी पाटासकट आपटले. खालच्या मजल्यावरच्या सिंधी आंटी धावत आल्या. मी ओशाळून म्हणाले, "सॉरी आंटी, बंद करती हूँ." त्या शेजारी जमिनीवरच टेकल्या. "बंद मत कर बेटा. ऊपर से दो महीने चलने की भी आवाज नहीं आई." मग पाट सरळ करून त्यांनी माझा हात धरला आणि मी पुन्हा चढले. आता साठीत जिना चढतानाही मी मनातल्या मनात त्यांचे आभार मानते.