बायकांच्या फाटकावरची भीमाबाई

भीमाबाई शिंगणापूरकडची. त्र्याहत्तर साली ती फिरत्या तंबूतल्या सिनेमाबरोबर हिंडायला लागली, बायकांच्या फाटकावर तिकिटं फाडायला. तंबूत मधोमध कनात. एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बायका. नवराबायको जोडीनं आली तरी फाटकाशीच फारकत! भीमाबाई तोंडाची फटकळ, पण भोळी, अगदी नको तितकी भोळी.

तिचा नवरा सूर्यभान तीन वर्षांपूर्वी पुणतांब्याला कामाला गेला आणि तिथंच एक बाई ठेवून बसला. कुणी विचारलं तर भीमाबाई "कामावर हायेत" म्हणून मोकळी. तंबू बेलापूरला असताना दीर कानिफनाथ तिला शोधत आला. सूर्यभानचा निरोप होता, "ती बाई सोडली, पुन्हा संसार मांडू." रविवारी सांगते, भीमाबाई म्हणाली, तसा कानिफनाथ सूर्यभानला न भेटताच तोवर शिंगणापूरला परतला.

आणि नेमका त्याच आठवड्यात सिनेमा लागला तो असला! दोन जोडपी, दोन्ही घरांत धुसफुस, याचा जीव तिच्यावर आणि तिचा भलत्यावरच. शेवटी बायको नवऱ्याला माफ करते. भीमाबाईनं तो पाच वेळा पाहिला, पाचही वेळा ढसाढसा रडली. शनिवारी ठरवूनच टाकलं, जायचं घरी. बोचकंही बांधून ठेवलं.

त्या संध्याकाळी एक तरुण बाई कडेवर पोर घेऊन आली. पोर किरकिरत होतं म्हणून भीमाबाईनं तिला फाटकाजवळ आपल्याशेजारीच बसवलं. पडद्यावरचा नवरा शेण खायला लागला तशी ती कडाडली, "मुडदा बशिवला याचा! आमचं मालक असलं न्हाईत. पयली बायको मेली, मंग मला आनलं."

"कुठली गं तू?"

"पुनतांब्याची. राहीबाई. मालक पल्याड बसल्यात. आता म्हैनाभर ते एकलंच त्यांच्या गावी जानार, शिंगनापूरकडं. शेताचं काम हाय म्हनं."

भीमाबाईनं वळून तिच्याकडं नीट पाहिलं. पण पुरुष काय एकच असतो तिकडचा? तिनं मनाला गप्प केलं.

मध्यंतरात बत्त्या लागल्या. कनातीवरून नवरे आपापल्या बायकांना खायला देऊ लागले. "राहे, धर!" भज्यांचा पुडा पुढं आला. तो आवाज भीमाबाई कशी विसरेल? स्टुलावर चढून पुडा तिनंच घेतला. समोर सूर्यभान!

"मेलेल्या मानसाला भजी चालत्यात का वो?" ती सगळ्या तंबूला ऐकू जाईल अशी बोलली.

राहीबाई उठली. "बाई, तुमी कोन?"

"मी यांची मेलेली बायको."

पलीकडून सूर्यभान चाचरत म्हणाला, "भीमे, ऐक तर..."

"ऐकलं की! उद्या भावजी येत्याल, त्यांना सांगते, भीमा जित्ती हाय, पन तुमच्या भावासाठी न्हाई."

खेळ सुटल्यावर सूर्यभान बायकांच्या फाटकाशी उभा राहून "राहे, राहे" हाका मारत होता. राहीबाई पोराला मांडीवर घेऊन आत भीमाबाईशेजारीच बसून राहिली.